दंडातली पोलादी पट्टी

मागच्या वर्षी खांदा दुखायला लागला म्हणून फोटो काढला. तो उजेडापुढं धरून तरुण डॉक्टर इतका खूश झाला, की मला त्याचा रागच आला. शेजारच्या खोलीतल्या दोघांनाही त्यानं बोलावून घेतलं. डाव्या दंडाच्या हाडाला बसवलेली पोलादी पट्टी, तिचे स्क्रू, आणि इतक्या वर्षांत जागचं न हललेलं ते सगळं काम तिघं मिळून बघत राहिले. निजामाच्या राज्यात असं ऑपरेशन व्हायचं, यावर त्यांचा विश्वास बसेना. "आजी, नशीबवान आहात तुम्ही," असं तो म्हणाला. मी गोळ्या घेतल्या आणि घरी आले. तेव्हापासून डोकं तापलेलं आहे, म्हणून हे लिहायला बसले.

पट्टी बसवणाऱ्याचं कौतुक मलाही आहे. पण हाड मोडल्यापासून ती पट्टी बसेपर्यंत मधे जो वेळ गेला, तो कुणी घालवला आणि कशापायी, हे काही फोटोत येत नाही.

माझं सासर सेलूचं. पेठेत मामंजींची कापसाची आडत होती आणि नवरा त्यांच्या हाताखाली गादीवर बसायचा. उर्दू शाळेत शिकलेला, कचेरीतले कागद घडाघडा वाचणारा, पेठेत हुशार म्हणून नावाजलेला, आणि घरात बापापुढं तोंड न उघडणारा असा तो माणूस. माहेर जिंतूरकडच्या बोरीचं. तिथं आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, शेती होती. दोन्ही घरं लिंगायत. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालं होतं.

सेलूचं घर धाब्याचं, सपाट मातीच्या छताचं होतं. माळवदावर डाळ वाळत घालायला, उन्हं उतरली की गोळा करायला दिवसातून कितीदा तरी शिडीनं चढउतर व्हायची. शिडीची एक पायरी खिळखिळी झाली होती. मी सासूबाईंना सांगितलं, त्यांनी मामंजींना सांगितलं, मामंजी म्हणाले सुताराला निरोप दिलाय. सुतार आला नाही, कारण निरोप गेलाच नव्हता. तुरीच्या डाळीची पाटी डोक्यावर घेऊन उतरताना ती पायरी निघाली आणि मी अंगणातल्या दगडी उखळावर डाव्या अंगानं आदळले. दंडातून आलेला आवाज मी स्वतः ऐकला. सासूबाई धावत आल्या आणि आधी डाळ गोळा करायला लागल्या. हे मी रागाच्या भरात रचून सांगत नाही. डाळ मातीत सांडली होती आणि त्यांना खरंच आधी डाळच दिसली.

हाड बसवणारा एक म्हातारा जवळच्या खेड्यातून आणला. त्यानं दंड चाचपला, ओढून हाड सरळ केलं, मी बोंब मारली ती पेठेपर्यंत ऐकू गेली म्हणतात. मग त्यानं अंडी मागितली. अंड्याच्या पांढऱ्यात पीठ कालवून दंडाला लेप द्यायचा, वरून बांबूच्या कांबट्या बांधायच्या, म्हणजे लेप वाळून दगडासारखा होतो, अशी त्याची रीत होती. सासूबाई दारातच उभ्या राहिल्या.

"अंडं आमच्या उंबऱ्याच्या आत येणार न्हाई," त्या म्हणाल्या. "दुसरं काय लावायचं ते लावा."

मला ते कुणी खायला घालणार नव्हतं. दंडाला बाहेरून लावायचं होतं. म्हातारा म्हणाला, पीठ नुसतं पाण्यात कालवलं तर धरणार नाही, मग मला बोल लावू नका. त्याला उडदाचं पीठ आणि पाणी दिलं गेलं. तो लेप वाळला, तडकला आणि चार दिवसांत खपल्या होऊन अंथरुणात पडला. कांबट्या सैल झाल्या. कुशीवर वळलं की आत हाडावर हाड घासायचं, आणि ते घासणं मला दातांपर्यंत कळायचं. म्हाताऱ्याला परत बोलवावं असं मी म्हटलं, तर उत्तर आलं की तो पुन्हा अंडीच मागेल.

त्याच सुमाराला हात पडला. पूजेला बसले तेव्हा माझ्या लक्षात आलं. आमच्यात रोज आंघोळ झाली की गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती लावायची, बेल वाहायचा, आणि त्यानंतरच तोंडात घास घालायचा. त्या दिवशी मी उजव्या हातानं डावा हात उचलून पुढं घेतला, तर मनगटापासून पंजा खाली लोंबलेला. बोटं मिटता येत होती, सरळ होत नव्हती. पंजा वर उचल असं मी मनातल्या मनात हाताला सांगत होते आणि तो ऐकत नव्हता. सासूबाईंना दाखवलं तर म्हणाल्या, कामं टाळायला आता हे नवं निघालं.

दोन दिवसांत घरात कुजबुज सुरू झाली, की सुनेला लिंग धरता येत नाही, म्हणजे पूजा नाही, म्हणजे तिच्या हातचं कसं चालायचं. इथं मला एक सांगायचंय, कारण तेव्हा कुणी ऐकून घेतलं नाही. पालथा धरला तर माझा पंजा लोंबायचा, हे खरं. पण हात उताणा करून मांडीवर टेकवला की तोच पंजा आपल्या वजनानं मागं पडायचा, तळवा उघडायचा आणि लिंग त्यावर नीट राहायचं. मी तशी पूजा केली. सासूबाईंना म्हटलं, बघा. त्या म्हणाल्या, मांडीवर पूजा करतात होय? मामंजींपुढं विषय निघाला तेव्हा ते उठून पेठेत गेले. नवऱ्यानं बघितलं, पण बघितलं असं कुणाला सांगितलं नाही.

खरी गोष्ट अशी, की त्या हातानं मी पूजा करते का, याची त्या घरात कुणाला पर्वा नव्हती. त्या हातानं घागर कमरेवर धरता येत नव्हती. परात धरून पीठ मळता येत नव्हतं, जात्यावर बसता येत नव्हतं. पूजेचं निमित्त होतं आणि भाकरीचं दुखणं होतं. तसं तोंडावर म्हटलं असतं तर मला इतका राग आला नसता.

आप्पांना बातमी कळली तसे ते बैलांची दमणी जुंपून आले. त्यांनी माझा हात उचलून बघितला. त्यांनीच हट्ट धरून मला परभणीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. नवरा बरोबर होता. तिथल्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं. हाडाची टोकं एकमेकांवरून सरकलीत, दंडाच्या मागून हाडाला वळसा घालून जाणारी एक नस मधे दाबली गेलीय, म्हणून पंजा पडलाय. दंड उघडून नस मोकळी करावी लागेल आणि हाडाला पट्टी बसवावी लागेल. हे काम हैदराबादला होईल, इथं नाही. आणि उशीर करू नका, नस दाबून राहिली तर हात असाच राहील. शेवटी त्यानं एवढंच सांगून ठेवलं, की ऑपरेशनच्या वेळी खांदा, छाती सगळं औषधानं धुतात, गळ्यात काही ठेवू देणार नाहीत.

बाकीचं सगळं नवऱ्यानं वाटेत सांडलं आणि तेवढं एक वाक्य सांभाळून घरी नेलं.

मामंजी म्हणाले, लिंग अंगावेगळं करायचं नाही. दीक्षा झाल्यापासून ते अंगावर असतं आणि मेल्यावर मातीतही सोबतच जातं. ते काढून सून टेबलावर झोपली असं पेठेत कळलं तर आपल्या पंगतीला कोण बसेल? मठाच्या स्वामींना विचारल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. स्वामी तेव्हा गावोगाव फिरतीवर होते. त्यांच्याकडं माणूस पाठवलाय असं मामंजी रोज सांगत. सुताराला निरोप दिलाय असंही ते रोज सांगत होतेच. मी अंथरुणावर पडून एका हातानं दुसरा हात धरून ठेवायचे आणि ओसरीवर पेठेतली चार माणसं जमून माझ्या लिंगाबद्दल बोलायची. एकानंही आत येऊन हात कसा आहे म्हणून विचारलं नाही. मला धर्माचा राग नव्हता. गळ्यातलं लिंग मला लहानपणापासून जवळचं. पण त्याच्या आडून ही माणसं वेळ काढत होती, आणि तो वेळ माझ्या हाताचा जात होता. माझ्या तळपायाची आग मस्तकाला जायची. बोलायची सोय नव्हती. सुनेनं आवाज चढवला की दुखणं बाजूला राहतं आणि आवाजाचीच चर्चा होते.

आप्पा म्हणाले, पोर माझ्याबरोबर द्या, मी नेतो. मामंजी म्हणाले, ती आता आमची आहे. मग आप्पा स्वतःच स्वामींना शोधायला निघाले. बोरीचा शेतकरी माणूस, सुगीचे दिवस, ज्वारी उभी टाकून गावोगाव विचारत फिरला. स्वामी सापडले मानवतजवळच्या एका खेड्यात. त्यांना कुणाचाही निरोप मिळालेला नव्हता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आप्पांबरोबर सेलूला आले. ओसरीवर बसले, पाणीसुद्धा घेतलं नाही, आणि मामंजींना म्हणाले, "लिंग देहावर असल्याशी मतलब. डोक्यावर बांधा की, कोण नको म्हणतंय? पोरगी दुखण्यानं तळमळायली अन् तुमी माझ्या होकाराची वाट बघायलाव?"

मी दाराआड उभी होते. इतकं सोपं होतं. डोक्यावर. मामंजींना हे माहीत नव्हतं असं मी मानत नाही. साऱ्या पेठेला शास्त्र शिकवणारा माणूस तो. मला त्या दिवशी आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी मी आत जाऊन उजव्या हातानं उशी भिंतीवर हाणली.

सेलूहून आगगाडीनं हैदराबादला गेलो, मी, आप्पा आणि नवरा. दवाखान्यातला सर्जन विलायतेत शिकून आलेला, उंच, सदा घाईत असलेला माणूस. त्यानं हात तपासला, फोटो बघितला आणि नवऱ्याकडं वळून म्हणाला, "इतने दिन कहाँ थे आप लोग?"

सर्जन पुढंही बरंच बोलला. हाड चुकीच्या जागी धरू पाहतंय, नस त्यात गुंतली असणार, मी सोडवीन पण ती जागी होईल का ते सांगता येणार नाही, नस सुधारली तरी महिन्याला जेमतेम इंचभर पुढं सरकते. नवऱ्यानं माझ्याकडं वळून त्याचं मराठी केलं, "डॉक्टर म्हणायलेत, काळजीचं काही न्हाई." सेलूच्या बाजारात वाढलेल्या प्रत्येक बाईला तेवढी भाषा कळते, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. मी आप्पांना सगळं जसंच्या तसं सांगितलं.

लिंगाचं विचारायला आप्पा भीत भीत गेले. सर्जन हसला. डोक्यावर बांधा नाहीतर आणखी कुठं बांधा, मला दंडाशी काम आहे, असं म्हणाला. नर्स ख्रिस्ती होती. तिनं माझे केस विंचरून वर घट्ट गाठ बांधली आणि स्वच्छ कापडात गुंडाळलेलं लिंग तिथं मला माझ्याच हातानं खोचायला लावलं. परक्यानं त्याला हात लावायचा नसतो, हे तिचं तिनंच विचारून घेतलं होतं. माझ्या सासरच्या ओसरीवर इतके दिवस जे सुटत नव्हतं, ते तिनं केस बांधता बांधता सोडवलं.

नाकावर गुंगीच्या औषधाची जाळी आली. गोड, उबळ आणणारा वास होता. शुद्धीवर आले तेव्हा दंडापासून छातीपर्यंत प्लास्टर होतं आणि घसा जळत होता. दुसऱ्या दिवशी सर्जननं सांगितलं, नस सापडली, नव्या हाडाच्या गाठीत चिमटली होती, तुटलेली नाही. सोडवून बाजूला घेतली. हाडाला पट्टी आणि स्क्रू लावलेत. सुतार लावतो तसलेच का, असं मी विचारलं. त्याच जातीचे, पण गंजायचे नाहीत, असं म्हणून तो पुढच्या खाटेकडं गेला. आप्पांना त्यानं एकच भीती सांगितली होती, जखमेत पू व्हायला नको. झाला नाही. नवरा मात्र टाके निघायच्या आधीच परत गेला. कापसाचे दिवस होते, असं त्याचं म्हणणं.

प्लास्टर निघाल्यावर आप्पांनी मला सेलूला न नेता बोरीला नेलं. मामंजींनीही नको म्हटलं नाही. त्यांचा निरोप आला तो असा, की हात चालायला लागला म्हणजे कळवा, येऊन बघू, मग नेऊ. नवऱ्याला दुसरी मुलगी बघितलीय अशीही कुणकुण आमच्या कानावर आली. आणि वर मला, बाजारातला माल उचलण्याआधी बघतात तसं, येऊन बघू. आई रडायची. मला रडू येत नव्हतं. मी दिवसभर भांडण घोळवत बसायचे, मामंजींशी, सासूबाईंशी, जास्त करून नवऱ्याशी. भांडणात मी नेहमी जिंकायचे आणि पंजा तसाच लोंबत असायचा.

पंजाखाली बांधायला दवाखान्यातून लाकडी फळी दिली होती, मनगट वर उचललेलं राहावं म्हणून. दिवसातून कितीदा तरी फळी सोडून आई एकेक बोट सरळ करायची, परत मिटायची. पावसाळा आला. दंडावरचा व्रण निळा होता तो पांढरा पडत गेला. हाड पक्कं जुळलं होतं, दंडानं मी बादली उचलायला लागले होते, पण मनगटाच्या पुढं काही नाही. एकदा मी ओसरीवर तूर निवडत होते. फळी सोडून ठेवली होती. गोठ्यातलं वासरू सुटून आलं आणि खाली लोंबणारी माझी बोटं चाटायला लागलं. गुदगुल्या झाल्या म्हणून मी हात मागं घेतला आणि पंजा वर आला. थोडासाच, थरथरत, पण आला. मी पुन्हा केलं, पुन्हा आला. आईला हाक मारली आणि तिला तिसऱ्यांदा करून दाखवलं.

पुढच्या महिन्याभरात पंजा चांगला वर यायला लागला, बोटंही सरळ होऊ लागली. आप्पा सेलूला निरोप धाडायला निघाले. मी म्हटलं, धाडू नका. ते चकित झाले. मी म्हटलं, त्यांना यायचं तेव्हा येतील.

दिवाळीनंतर ते आले. मामंजी आणि नवरा, सेलूची दमणी करून. आईनं पाय धुवायला पाणी दिलं, गुळाचा चहा केला. नवरा वाळला होता. मला बघून त्याला बरं वाटलं असावं, निदान मला तसं दिसलं, आणि मलाही बरं वाटलं. इतका राग असूनही वाटलं, हे मी लपवत नाही. त्यानं विचारलं असतं ना, दुखतंय का अजून, तर मी सगळं विसरले असते. तो चहाची बशी हातात धरून बसला होता.

मामंजींनी कुणाकडून तरी विचारून घेतलं होतं, की उताण्या हाताचं खरं नसतं, पालथा हात बघायचा असतो. त्यांनी मला समोर बसवलं. कोपर गुडघ्यावर ठेवायला सांगितलं, पंजा गुडघ्याच्या पुढं सोडून. आप्पा खांबाला टेकून उभे होते. त्यांचा चेहरा उजळला होता, त्यांना माहीत होतं आता काय होणार.

"हात उचलून दाखव," मामंजी म्हणाले.

मी पंजा लोंबता ठेवला. नवऱ्याकडं बघत राहिले. सासऱ्याच्या देखत सून नवऱ्याकडं असं बघत नाही, पण मी बघितलं. त्याला वेळ दिला. बोलायला लागतो तेवढा, त्याहून जास्त. मामंजींनी पुन्हा सांगितलं, मी पुन्हा तशीच बसले. नवऱ्यानं माझा पंजा बघितला, मग बापाचं तोंड बघितलं, बशी खाली ठेवली आणि म्हणाला, "न्हाई उठत." मग टोपी घातली. मामंजी म्हणाले, उजेड आहे तोवर निघू.

दमणी वेशीबाहेर गेली तरी आप्पा ओसरीवरच उभे होते. त्यांनी मला कधी जाब विचारला नव्हता. तेव्हा विचारला, असं का केलंस बाई, म्हणून.

मी म्हटलं, "हात नसला तरी चल म्हणले असते, तर मी गेले असते."